जुन्या मिलिटरी जीपचं इंजिन श्वास कुठून घेतंय?

आमच्या मामांची विलीज जीप, १९४४ सालची, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये बरीच वर्षं पडून होती. मागच्या उन्हाळ्यात ती चालू केली तर चार दिवसांत क्लच घसरायला लागला. गिअरबॉक्स खाली घेतला तर प्लेट तेलानं चिंब, आणि तेल येत होतं क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, मागच्या सीलमधून. सील बदललं, खर्च केला, महिना-सव्वा महिन्यात परत तेच. शेवटी ओळखीतल्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं, आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणतो. चाचांनी क्लचकडे बघितलंसुद्धा नाही, बॉनेट उघडलं, कार्बुरेटरच्या खाली मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बुरेटरमधलं मिक्स्चर सिलिंडरांत वाटून देणाऱ्या पाइपच्या, मधोमध बोट ठेवलं आणि विचारलं, "इथला व्हॉल्व्ह कुठं गेला?"

तिथं एक साधा बोल्ट ठोकून बसवलेला होता. आधी कधीतरी कुठल्यातरी गॅरेजात कुणीतरी तो व्हॉल्व्ह आणि त्याची नळी काढून टाकली होती, "हे फालतू आहे, याच्याशिवाय गाडी चालते" म्हणून. गाडी चालते हे खरंच आहे, पण इंजिनचा श्वास कोंडतो. आणि जुन्या मिलिटरी गाड्या नव्यानं उभ्या करणारे आपल्याकडचे बरेच लोक रंग, टायर, ताडपत्री, जेरीकॅन या सगळ्यावर जीव ओततात आणि या बारक्या नळ्या, निपल, एल्बो मात्र भंगारात घालतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी इंजिनच्या पोटात काय चालतं ते बघू. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी पेटलेल्या गॅसचा थोडा भाग रिंगांच्या बाजूनं निसटून खाली चेंबरमध्ये, म्हणजे तेल असतं त्या इंजिनच्या पोटात, उतरतोच. याला ब्लो-बाय म्हणतात. नव्या इंजिनात कमी, झिजलेल्यात जास्त, पण शून्य कुठल्याच इंजिनात नसतो. त्या गॅसमध्ये न जळलेलं पेट्रोल असतं, धूर असतो आणि मुख्य म्हणजे पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पटेना, पण हिशोब सरळ आहे, पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला भेटला की त्याचं पाणीच होणार. बहुतेक पाणी सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, थोडं मात्र खाली तेलात येतं.

आता हा गॅस बाहेर जायला वाट नसली तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे पोटात प्रेशर वाढतं, अगदी शिट्टी अडकलेल्या कुकरसारखं, आणि ते जिथं कमजोर जागा सापडेल तिथून तेल बाहेर ढकलतं, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, पुढचं सील, मागचं सील. मागच्या सीलमधून आलेलं तेल जातं थेट क्लचवर, म्हणजे आमची गोष्ट. दुसरी गोष्ट हळूहळू होते पण जास्त वाईट. पाणी, पेट्रोल आणि काजळी तेलात घोटली जाऊन त्याचा चॉकलेटी चिखल होतो, तो तेलाच्या बारीक वाटा बुजवतो, आणि पाणी बेअरिंगला गंज चढवतं.

फार जुन्या गाड्यांत यावर उपाय सोपा होता. इंजिनच्या पोटातून एक नळी काढून गाडीखाली उघडी सोडायची, गाडी पळायला लागली की वारा त्या नळीच्या तोंडावरून जाताना आतला गॅस ओढून घेतो. चुलीच्या धुराड्यासारखंच. पण गाडी उभी असली की ओढ नाही, आणि तीच गाडी नाल्यात घातली की त्या उघड्या नळीतून पाणी आत. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे आणि ट्रक पाण्यातून न्यायची वेळ आली तेव्हा ही उघडी नळी चालेना, म्हणून बंद वाटेची पद्धत लष्करी गाड्यांमध्ये आली, म्हणजे गॅस बाहेर सोडायचा नाही, परत मॅनिफोल्डमध्ये ओढून जाळून टाकायचा. साध्या गाड्यांना ही पद्धत सक्तीची व्हायला पुढं बराच काळ गेला, कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, तेही धुरक्यामुळे. म्हणजे आज तुमच्या माझ्या कारमध्ये जो पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो त्याचा मोठा भाऊ १९४४ च्या जीपमध्ये आधीच बसलेला होता. आणि तोच आपण बोल्ट ठोकून बंद करतो, याचं खरंच वाईट वाटतं.

आता विलीजची वाट नीट समजून घ्या, कारण ही एक साखळी आहे, एक कडी तुटली की बाकीच्या फुकट. स्वच्छ हवा येते एअर क्लीनरमधून. एअर क्लीनरकडून कार्बुरेटरला जाणारी जी आडवी मोठी नळी आहे तिच्यातून एक रबरी होज निघतो तो तेल टाकायच्या नळीला जोडलेला असतो. तिथून हवा इंजिनच्या पोटात उतरते, ब्लो-बायला सोबत घेते, वर टॅपेटच्या खोलीत येते, टॅपेट कव्हरवरून एक धातूची नळी तिला त्या व्हॉल्व्हपर्यंत नेते आणि व्हॉल्व्हमधून ती मॅनिफोल्डमध्ये. बस, एवढंच. आत यायला वाट आणि बाहेर जायला वाट, दोन्ही पाहिजेत. स्वयंपाकघरात धुराडं आहे पण दार-खिडकी सगळं बंद असेल तर धूर जाईल का? तसंच.

यात लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात ते तेलाच्या झाकणाकडे. झाकणाचं पॅकिंग गेलेलं असतं, किंवा तो रबरी होज कुजून पडलेला असतो आणि तिथं कुणीतरी चिंधी कोंबलेली असते. व्हॉल्व्ह चालू असेल तर तो ओढतच राहणार, आणि स्वच्छ वाट बंद असेल तर झाकणाच्या फटीतून ओढणार, म्हणजे धूळ थेट तेलात. सोलापूरची धूळ काय असते ते मी सांगायला नको, एप्रिलमध्ये गाडी सकाळी पुसली तरी दुपारपर्यंत बॉनेटवर बोटानं नाव लिहिता येतं. ती धूळ म्हणजे बेअरिंगसाठी पॉलिश पेपर. त्या गाडीचा एअर क्लीनर तेलाच्या वाटीचा असतो तो याच धुळीसाठी, वाटीत खुणेपर्यंत तेल ठेवायचं, जास्त भरलं तर इंजिन ते तेल ओढतं आणि कमी भरलं तर धूळ आत जाते.

आता तो व्हॉल्व्ह. जुना व्हॉल्व्ह आम्हाला दुसऱ्या एका जीपवरून मिळाला, बाहेरून पार काळा. दोन पान्यांत धरून मधून उघडला तर आत एक छोटा दट्ट्या, एक स्प्रिंग, आणि सगळीकडे साजूक तुपासारखा थर, फक्त रंग गुळाचा. हलवलं तर आवाज नाही, म्हणजे दट्ट्या चिकटलेला. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवला, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासला, परत रॉकेल, मग पुसून कानाजवळ हलवला तर खुळखुळ वाजला. तो आवाज ऐकून चाचा हसले. इथं एकच सांगणं, स्प्रिंग ताणू नका आणि दट्ट्याला पॉलिश पेपर लावू नका, कारण या व्हॉल्व्हचं सगळं काम मापावर आहे.

ते काम असं. मॅनिफोल्डमधली ओढ म्हणजे व्हॅक्यूम कायम सारखा नसतो. पिस्टन हवा मागतोय आणि कार्बुरेटरची झडप बंद आहे, म्हणजे स्लोवर, पाय न दाबता इंजिन नुसतं चालू, तेव्हा ओढ सगळ्यात जास्त. उसाचा रस पिताना स्ट्रॉ चिमटीत धरून ओढलं की गाल आत जातात ना, तेच. पाय दाबला, झडप उघडली, की हवा मोकळी येते आणि ओढ कमी होते. आता बघा गंमत, स्लोवर ओढ जास्त पण ब्लो-बाय कमी, आणि चढावर लोड असताना ओढ कमी पण ब्लो-बाय जास्त. सरळ भोक ठेवलं असतं तर नेमकं उलटं झालं असतं, स्लोवर एवढी जादा हवा आत गेली असती की इंजिन बंद पडलं असतं. म्हणून स्लोवर ओढीनं दट्ट्या खेचला जातो आणि वाट अरुंद करतो, पाय दाबला की ओढ सुटते आणि स्प्रिंग वाट मोठी करते. वीज नाही, सेन्सर नाही, एक स्प्रिंग आणि एक दट्ट्या.

म्हणून तो उघडा अडकला तर स्लो खराब होतो, गाडी थरथरते, कार्बुरेटरचा स्क्रू कितीही फिरवा बसत नाही. बंद अडकला तर वर सांगितलेलं सगळं, प्रेशर, गळती, चिखल. आणि आजच्या कुठल्याही कारचा व्हॉल्व्ह आणून बसवून चालत नाही, कारण त्याचं माप त्या इंजिनाच्या हवेचं असतं. विलीजचं इंजिन २,१९९ सीसीचं, चार सिलिंडर, ६० हॉर्सपॉवर. जुनाच साफ करून वापरा किंवा त्याच मापाचा शोधा.

यापुढचा भाग जरा लांब होणार आहे कारण आमचे सगळ्यात जास्त दिवस इथंच गेले. आटे. या अमेरिकन गाड्यांच्या पाइपचे आटे एनपीटी जातीचे असतात, आणि आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात जे निपल-एल्बो मिळतात ते बीएसपी, म्हणजे ब्रिटिश जातीचे. बघायला जवळपास सारखेच. दुकानदार म्हणणार "दोन सुती आहे ना, बसतंय की", आणि एक-दोन आटे बसतंयसुद्धा. पण दोन सुती म्हणजे पाव इंची एनपीटीत इंचाला १८ आटे आणि बीएसपीत १९, एक सुतीत २७ आणि २८. आट्याचा कोनही वेगळा, एनपीटीचा ६० अंश, बीएसपीचा ५५. म्हणून दोन फेऱ्यांनंतर ते घट्ट होतं, आपल्याला वाटतं छान बसलं, माणूस पान्याला पाइप लावून अजून एक फेरी मारतो आणि ऐंशी वर्षांच्या मॅनिफोल्डचे आटे खलास, किंवा बिडाला चीर. आणि एवढं करूनही ते हवा धरत नाही, आट्यांच्या मधून बारीक ओढ चालूच राहते.

आम्ही काय केलं, गाडीवरचाच एक जुना चांगला निपल थ्रेड गेजनं मोजला, आणि मंगळवार पेठेच्या दुकानांत फिरणं सोडून सरळ एका लेथवाल्याकडे गेलो. सोलापूरचा हा फायदा आहे, यंत्रमागाचे पार्ट करून करून इथल्या टर्नरचा हात असा बसलाय की नमुना समोर ठेवला तर पितळेचा तसाच पार्ट करून देतात. फक्त नीट सांगावं लागतं की आटे उतरते पाहिजेत, सोळाला एक असा उतार, सरळ आटे नकोत. उतरते आटे पाचरीसारखे जाऊन घट्ट होतात, त्यातच त्यांचं सील आहे. जोडताना पांढरी टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे तुटून व्हॉल्व्हमध्ये जातात आणि दट्ट्या परत अडकतो. थोडं सीलंट, तेही पहिला आटा सोडून.

नळी वाकवताना तिच्यात कोरडी बारीक वाळू ठासून भरा, दोन्ही टोकं बंद करा, मग वाकवा, म्हणजे ती चेपत नाही. नंतर हवेच्या प्रेशरनं पाच वेळा फुंकून साफ करा, वाळूचा एक कण राहिला तरी तो इंजिनात जाणार आहे. नट आधी नळीत घालायचा आणि मग तोंड फ्लेअर करायचं, म्हणजे फुलवायचं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी विसरतं. नळीला क्रोम करू नका हो. मिलिटरी गाडीत चकचकीत नळी बघितली की डोळ्याला खुपतं.

रबराचं वेगळं. आता आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने ते बनवतात, शेतकऱ्याच्या दृष्टीनं चांगलंच आहे. पण १९४० च्या दशकातल्या रबराला ते सोसत नाही, फुगतं, मऊ पडतं, मग भेगा. त्यामुळे होज आणि पंपाचे डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच घ्या. जुना माल म्हणून सीलबंद डब्यात मिळालेला डायफ्राम दिसायला नवा असतो, पण रबराचं वय डब्यातही वाढतं.

डायफ्रामवरून आठवलं. युद्धानंतरच्या जीपमध्ये, एम-३८ मध्ये आणि आपल्याकडच्या जुन्या पेट्रोल सीजे-३बी मध्येही, वायपर व्हॅक्यूमवर चालतात. मॅनिफोल्डच्या ओढीवर वायपरची मोटर हलते. आता वर सांगितलं तसं, पाय दाबला की ओढ कमी, म्हणजे पावसात घाट चढताना नेमका वायपर थांबणार. त्यासाठी पेट्रोलच्या पंपालाच दुसरा मजला दिलेला असायचा, खाली-वर दोन डायफ्राम, एक पेट्रोल ढकलतो आणि दुसरा वायपरला ओढ देतो. हा दुसरा डायफ्राम फाटला तर तिथून चेंबरमधली तेलाची वाफ मॅनिफोल्डमध्ये खेचली जाते आणि गाडी निळा धूर मारायला लागते. लोक रिंगा गेल्या म्हणून इंजिन उघडतात! आधी पंपाकडून मॅनिफोल्डला जाणारी ती नळी काढा, मॅनिफोल्डचं तोंड प्लगनं बंद करा, थोडी गाडी चालवून धूर बघा. नळी आतून तेलानं ओली असेल आणि धूर कमी झाला असेल तर दोष सापडला. ज्यांनी जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलंय त्यांच्याकडे हा वायपर तसाही मेलेला असतो, कारण त्या डिझेलला हवेची झडपच नाही, मग मॅनिफोल्डमध्ये ओढ कुठून येणार.

एम-३८ए१ सारख्या युद्धानंतरच्या गाड्या तर खोल पाण्यात जायला बनवलेल्या, इग्निशन सगळं सीलबंद. पण सीलबंद डब्यात ठिणगी पडत राहिली की आत ओलावा आणि ओझोन साठतो आणि ठिणगीचे पॉइंट खातो, म्हणून सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरलासुद्धा श्वासाची नळी. बॉनेट उघडल्यावर पहिल्यांदा गोंधळ होतो एवढ्या नळ्या बघून, आणि मग लोक कापत सुटतात. त्यात पाण्यात उतरताना इंजिनची श्वासाची वाट बंद करायचा एक व्हॉल्व्ह असतो. तुम्ही म्हणाल हे उलटंच झालं की, पण तेच खरं डोकं आहे, वाट बंद केली की ब्लो-बायमुळे पोटात मुद्दाम थोडं प्रेशर तयार होतं आणि ते पाण्याला बाहेरच अडवतं. पाण्यातून बाहेर आलं की लगेच उघडायचा, नाहीतर सील गेलेच. जुनी गाडी घेतली असेल आणि सगळीकडून तेल येत असेल तर आधी हा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला गंजून अडकलाय ते बघा.

ॲक्सलवरही श्वासाची एक बारकी टोपी असते, चिखलानं बुजलेली असते, तारेनं मोकळी करा. ती बुजली की गरम तेल सीलमधून ब्रेकच्या लायनरवर येतं. पेट्रोलच्या टाकीचं झाकणही तसंच, त्याचा श्वास बंद झाला तर थोडं अंतर चालून गाडी बंद पडते, झाकण उघडलं की "फुस्स" होतं आणि परत चालू. कार्बुरेटर खोलायच्या आधी हे करून बघा.

सगळं जोडलं की तपासायचं कसं? इंजिन गरम करा, स्लोवर ठेवा, तेलाचं झाकण काढा आणि त्या तोंडावर वहीचं एक पान हलकं धरा. व्हॉल्व्ह बंद असताना आमचं पान फडफडत वर उडायचं आणि हाताला तेलाचा वास यायचा. व्हॉल्व्ह बसवल्यावर थोडा वेळ काहीच झालं नाही, मग पान हळूच खाली बसलं, मधे किंचित खोलगट झालं आणि तिथंच राहिलं. मामा दोन वेळा पान उचलून परत ठेवून बघत होते.

आणि एक व्हॅक्यूम गेज घ्या, महाग नसतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की चांगल्या इंजिनाचा काटा स्लोवर १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर पाहिजे. पण तो आकडा समुद्रसपाटीचा. दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी धरायचा, आणि सोलापूर आहे साधारण दीड हजार फुटांवर, म्हणजे आपल्याकडे साडेपंधरा ते साडेएकोणीस हे ठीकच आहे. मुंबईच्या माणसाचं रीडिंग आणि आपलं जुळलं नाही म्हणून इंजिन उघडू नका. आकड्यापेक्षा काट्याची चाल बघा. स्थिर पण बराच खाली असेल तर ठिणगीचं टायमिंग मागे आहे किंवा कुठंतरी हवा ओढतेय. ठरावीक तालात एकदा एकदा खाली झटका देत असेल तर सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह जळालाय किंवा अडकतोय. हवा ओढतेय का ते बघायला तेलाच्या बुधलीनं एकेका जोडावर थेंब थेंब तेल सोडा, ज्या जोडावर इंजिनचा आवाज बदलेल तो जोड. काहीजण पेट्रोल मारून बघतात, गरम मॅनिफोल्ड शेजारी आहे, तसलं काही करू नका. आणि ही गळती लहान म्हणून सोडू नका, जादा हवा म्हणजे पातळ मिक्स्चर, पातळ मिक्स्चर म्हणजे जास्त उष्णता, त्यात आपला मे महिना त्रेचाळीस डिग्रीचा, एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जळतात.

शेवटचं एक, हे मामांनाही सांगावं लागलं. वर्षातून एकदा खंडेनवमीला हार घालायचा, पाच मिनिटं इंजिन चालू करायचं आणि परत शेडमध्ये लावायची, असं करू नका. पाच मिनिटांत पाणी तयार होतं पण तेल गरम होत नाही, त्यामुळे ते पाणी उडून जात नाही, तिथंच बसतं, व्हॉल्व्ह कितीही चांगला असला तरी. चालू केली की निदान अर्धा-पाऊण तास रस्त्यावर काढा. आम्ही आता दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी तुळजापूर रोडला एक फेरी मारतो, परत आलो की क्लचच्या खाली पुठ्ठा टाकून ठेवतो. दिवाळीपासून तोच पुठ्ठा वापरतोय.